कोकणातल्या घरातले दिवे: साफसफाई आणि देखभालीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांतून, आणि गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. घाटावरच्या घरांना लागू पडणाऱ्या सूचना आपल्याकडे पुऱ्या पडत नाहीत. तिकडे दिव्यावर धूळ बसते, आपल्याकडे धुळीबरोबर मीठही बसतं. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

१. दिवे किती दिवसांनी पुसायचे? दिवाळीला एकदा पुसले की पुरे ना?

समुद्रापासून लांब असलेल्या घराला पुरेल, किनाऱ्यालगतच्या घराला नाही. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर, स्क्रूंवर, होल्डरच्या पितळी पिनांवर बसून राहतं. कोरड्या दिवसांत ते फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तेच दिव्याच्या पत्र्यावर होत असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. म्हणजे पावसाचे चार महिने तो धातू खाऱ्या ओलीत बसलेला असतो.

म्हणून वर्षातली सगळ्यात महत्त्वाची सफाई मिरगाच्या आधीची. ७-८ जूनला मृग लागतो, त्याआधी मेच्या शेवटच्या आठवड्यात ती उरकावी. दुसरी ऑक्टोबरच्या उन्हात, साठलेली ओल वाळवायला. ती दिवाळीच्या साफसफाईत आपसूक येते. पडवीतले, अंगणातले आणि समुद्राकडच्या भिंतीवरचे दिवे ऑक्टोबर ते मे दर महिन्याला पुसावेत. माजघरातले, खोल्यांतले तीन महिन्यांनी पुसले तरी चालतात. स्वयंपाकघराचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न ५ मध्ये.

२. कोरड्या फडक्याने झटकून भागत नाही का?

धूळ जाते, मीठ तिथेच राहतं. जुन्या पंचाचं किंवा धोतराचं मऊ फडकं गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, दिवा पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एका दिव्याला एवढं पुरतं. फडकं दर दोन-तीन दिव्यांनंतर खळबळून घ्या, नाहीतर एकाचं मीठ दुसऱ्याला लागतं.

पाणी मात्र बघून घ्या. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि आपली मोठी सफाई नेमकी तेव्हाच असते. मचूळ पाण्याने पुसलं तर काढलेलं मीठ पुन्हा लावल्यासारखं होतं. पिण्याचं पाणी तांब्याभर घेतलं तर सबंध घराचे दिवे पुसून होतात.

३. बटण बंद केलं की झालं ना? मेन स्विच कशाला?

मेन स्विच बंद करायलाच हवा, किंवा निदान त्या खोलीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका). जुन्या घरांत हात फिरत फिरत वायरिंग झालेलं असतं आणि पुष्कळ ठिकाणी बटणातून फेजऐवजी (म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तोडलेली सापडते. अशा वेळी बटण बंद असतं, दिवा विझलेला असतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट उभे असतात. जुना कटआउट असेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि घरातल्या माणसांना सांगून वर चढा.

बल्ब निवू द्या. हात आणि पाय कोरडे ठेवा. चढायला लाकडी शिडी किंवा भक्कम स्टूल घ्या. सारवलेल्या जमिनीवर प्लास्टिकची खुर्ची डगमगते आणि तिचे पाय फाकतात. शिडी धरायला खाली एक माणूस हवाच.

४. एलईडी बल्ब धुतला तर चालतो का?

नाही. काचेसारखा दिसणारा घुमट हा बल्बचा फक्त वरचा भाग; खाली ड्रायव्हरचं, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं, सर्किट असतं आणि बुडाशी बारीक फटी असतात. बल्ब होल्डरमधून काढून घुमट पिळलेल्या फडक्याने पुसा, खालचा भाग कोरड्या ब्रशने झाडा. बुडाच्या धातूवर धूळ आणि जळमटं साठली की बल्बची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो लवकर जातो, तेव्हा पुसायचा खरा भाग तो. घरात जुना हॅलोजन असेल तर त्याच्या काचेला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तडकते.

५. स्वयंपाकघरातला दिवा पुसला तरी चिकटच राहतो. काय करू?

फोडणीची वाफ, मासे तळतानाचं तेल आणि असेल तिथे चुलीची काजळी, असा थरावर थर असतो तो. नुसत्या पाण्याने निघत नाही. सुटणारं कव्हर खाली काढा, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मऊ स्पंजने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच लावा. न सुटणारे भाग त्याच पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. काचेच्या कव्हरला धुण्याचा सोडा चालतो, ॲल्युमिनियमला चालत नाही; सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडतं. रोज तळण-फोडणी असलेल्या घरात हे महिन्याला करावं.

६. छतावरच्या गोल दिव्यात मेलेले किडे साठतात. कुठून शिरतात?

कव्हर आणि बैठकीच्या मधल्या फटीतून, किंवा वायरच्या भोकातून. कव्हर काढून किडे झटका, काच साबणाने धुवा, वायरच्या भोकाभोवती थोडं सिलिकॉन भरा. हवा जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या खाचा मात्र बुजवू नका.

७. ट्यूबच्या पट्टीमागे पाली राहतात आणि सगळीकडे घाण करतात. उपाय?

पाल तिथे किड्यांसाठी येते, उबेसाठी राहते. तिची विष्ठा रंगावर डाग पाडते, म्हणून ताजी असतानाच ओल्या फडक्याने काढावी. वाळलेली असेल तर पाच मिनिटं ओलं फडकं वर ठेवून मऊ करा, खरवडू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. पाल पट्टीच्या आत किंवा स्विचबोर्डात शिरली आणि दोन टोकांना एकदम चिकटली की शॉर्ट होतो. पाल मरते आणि कधी कधी बोर्डही जळतो. पट्टीच्या टोकांची उघडी भोकं, बोर्डाला येणाऱ्या पाइपचं तोंड आणि रिकाम्या स्विचची खिडकी बंद करा. पाइपाच्या तोंडाला एमसील चालतं, रिकाम्या खिडकीला प्लास्टिकची झाकणी दुकानात मिळते. बोर्डातून जळका किंवा कुजका वास येत असेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.

८. नवा बल्ब लावला तरी लुकलुकतो. बल्ब खराब निघाला का?

तोच बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघा. तिथे नीट पेटला तर दोष होल्डरचा. पिनवाल्या होल्डरमध्ये स्प्रिंगवर बसलेल्या दोन पितळी पिना असतात. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर चढतो, स्प्रिंग गंजून दबलेलीच राहते आणि बल्बला पुरता टेका मिळत नाही. अर्धवट टेक्यातून बारीक ठिणग्या उडतात, त्याने होल्डर काळा पडतो.

थर नुसता हिरवट असेल तर मेन बंद करून कोरड्या टूथब्रशने घासून काढता येतो. काळेपणा असेल, प्लास्टिक ठिसूळ झालं असेल किंवा पिना दाबल्यावर उसळून वर येत नसतील, तर होल्डर बदला. पॉलिश पेपरने घासून चालवलेला होल्डर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच करतो, आणि होल्डर ही घरातली फार स्वस्त वस्तू आहे. बाहेरच्या जागेला चिनी मातीचा होल्डर उत्तम. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही होल्डरच्या आत लावू नका.

९. गेटवरच्या दिव्यावर पांढरी भुकटी धरली आहे आणि स्क्रू निघत नाहीत. नवा घ्यायचा तर कोणता घेऊ?

पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. वरचा रंग जिथे टवका उडून उघडा पडतो तिथून मीठ आत शिरतं आणि रंगाखालून पसरत जातं. सुरुवातीला हे थांबवता येतं: भुकटी ब्रशने काढा, गोड्या पाण्याने पुसा, उन्हात वाळवा, बारीक पॉलिश पेपर, मग धातूचा प्रायमर, मग रंग.

स्क्रूंची गोष्ट थोडी खोल आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारी ओल, अशी स्थिती आली की दोन धातूंमध्ये बारीक बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम स्क्रूभोवती झिजत जातं. म्हणून स्क्रू बसवण्याआधी आट्यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवावं आणि खाली प्लास्टिकचा वॉशर घालावा. पुढच्या मेमध्ये तो स्क्रू हाताच्या जोराने सुटतो. व्हॅसलीन फक्त आट्यांना. करंट जाणाऱ्या पिनांना आणि वायरच्या टोकांना नाही.

नवा घेताना माझं स्पष्ट मत: समुद्र दिसत असेल अशा जागी पॉलिकार्बोनेटची किंवा चांगल्या जाड प्लास्टिकची बॉडी घ्या. स्टेनलेस स्टीलच हवं असेल तर ३१६ प्रतीचं विचारा. नेहमीचं ३०४ समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं. साधा रंगवलेला लोखंडी पत्रा इथे घेऊच नये.

१०. दुकानदाराने 'वॉटरप्रूफ आयपी ६५' म्हणून दिला, तरी आत पाणी दिसतं. फसवलं का?

बहुतेक वेळा बसवण्यात चूक असते. आयपी ६५ मधला पहिला आकडा धुळीचा: ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा पाण्याचा: ५ म्हणजे सगळ्या बाजूंनी पाण्याची धार मारली तरी दिवा बिघडत नाही. हे दोन्ही तेव्हाच खरं, जेव्हा रबराची गॅस्केट नीट बसलेली असते आणि वायर घट्ट ग्लँडमधून (वायरभोवती आवळून बसणाऱ्या बुचातून) आत गेलेली असते. वरच्या भोकातून उघडी वायर आत सोडली की पाऊस त्याच वायरवरून चालत आत येतो. वायर नेहमी खालच्या किंवा बाजूच्या भोकातून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं.

नुसतं धुकं धरत असेल तर कारण निराळं. दिवा पेटला की आतली हवा फुगून बाहेर जाते, विझला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पाऊस उघडलेल्या दिवशी भर दुपारी, मेन बंद करून, दिवा उघडा, आतून पुसा, तास-दोन तास उन्हात ठेवा, गॅस्केट चेपलेली किंवा कडक झाली असेल तर बदला आणि ऊन असतानाच बंद करा. संध्याकाळी बंद केलात तर दमट हवाच कोंडाल. पाणी निघावं म्हणून काही जण खाली भोक पाडतात. मग तो दिवा आयपी ६५ राहत नाही.

आणखी एक. या आकड्यांत मिठाचा कुठेच विचार नाही. आयपी ६५ दिवाही गंजतो, म्हणून प्रश्न ९ वाचल्याशिवाय बाहेरचा दिवा घेऊ नका.

११. पहिल्या पावसाला दिव्यावर पंखांचे किडे येतात आणि सकाळी पंखांचा खच पडतो. काय करावं?

ती वाळवी आहे, नवी वारुळं वसवायला बाहेर पडलेली. तिन्हीसांजेच्या सुमारास उडते आणि तिचा भर तासाभरात ओसरतो. तेवढा वेळ पडवीचा आणि अंगणाचा दिवा विझवून ठेवणं हाच सगळ्यात चांगला उपाय. बाहेरचे बल्ब पांढऱ्याऐवजी पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे लावलेत तर एरवीचे किडेही कमी येतात.

सकाळी पंख रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलंत तर ते चिकटून बसतात. होल्डरभोवती आणि कव्हरच्या कडेला नीट बघा, तिथे राहिलेले पंख ओल धरून ठेवतात. आणि घरात आढं-वासे लाकडी असतील, एखादी जुनी काचेची हंडी तुळईला टांगलेली असेल, तर तिच्या हुकाजवळचं लाकूड टोचून बघा. वाळवीने पोखरलेल्या तुळईत हुक कधी निसटेल याचा भरवसा नसतो.

१२. समई आणि लामणदिवा चतुर्थीला घासतो, पण आठ दिवसांत पुन्हा हिरवट होतो. का?

घासायला वापरलेलं आंबट नक्षीत आणि आट्यांत उरतं म्हणून. क्रम असा ठेवा. आधी समईचे भाग सोडवा आणि धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, म्हणजे तेलाचं किटण सुटेल. किटणावर चिंच लावून काही होत नाही. आंबट तेलाच्या खाली पोचतच नाही. मग चिंच, भिजवलेली आमसुलं किंवा परसातली बिंबलं, जे असेल त्याने चोळा. सपाट भागाला चाळलेली राख किंवा रांगोळी चालते, नक्षीला फक्त ब्रश. रांगोळीने वर्षानुवर्षं घासलेली नक्षी बुजत जाते.

त्यानंतरची पायरी सगळेच गाळतात: साबणाच्या पाण्याने पुन्हा एकदा धुवायचं, गोड्या पाण्याने खळबळायचं, पुसायचं आणि उन्हात ठेवायचं. समई जोडताना आट्यांना खोबरेल तेलाचा हात लावा, पुढच्या वर्षी सहज सुटेल. लामणदिव्याच्या साखळीची प्रत्येक कडी तपासा. झिजलेली कडी तेलाने भरलेल्या दिव्यासकट खाली येते.

१३. पितळी झुंबराला चिंच लावली तर डाग पडले. असं कसं?

ते भरीव पितळ नसावं, किंवा त्यावर पारदर्शक लॅकर असावं. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. न चिकटला तरी खात्री धरू नका, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतीवावरही मुलामा चढवतात. लॅकर जिथे तडकलेलं असतं तिथेच आंबट आत जातं, म्हणून चट्टे उठतात. अशा वस्तू फक्त सौम्य साबणाच्या पाण्याने पुसाव्यात. प्रश्न १२ ची कृती भरीव पितळेसाठीच आहे.

१४. बांबूच्या आणि करवंटीच्या शेडवर बुरशी येते. तेल लावू का?

नको. तेलावर धूळ बसते आणि बुरशीला बरं होतं. शेड उतरवून अंगणात न्या, नाक-तोंड बांधून कोरड्या ब्रशने झाडा, दोन दिवस ऊन द्या. पावसाळ्यात त्या दिव्यांचा उपयोग नसेल तर मेमध्येच उतरवून कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा. कापडी आणि कागदी शेडना तर किनाऱ्यावर पर्यायच नाही, त्या पावसाळ्याआधी उतरवाव्याच लागतात.

१५. प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडलंय. कशाने घासू?

उन्हाने आणि उष्णतेने प्लास्टिक आतूनच पिवळं पडतं, ते घासून जात नाही. कव्हर बदला. थिनर किंवा स्पिरिट लावलंत तर बारीक तडे जातात. काच पुसायचे अमोनियावाले फवारेही प्लास्टिकला नकोत.

१६. घर वर्षभर बंद असतं, गणपतीला उघडतो. मेन लावला की ट्रिप होतो. दिवे कसे सुरू करायचे?

आल्या आल्या मेन लावू नका. आधी दारं-खिडक्या उघडा, उजेडात सगळे बोर्ड आणि होल्डर नजरेखालून घाला. कुंभारीण माशीची मातीची घरं, मुंग्यांची रांग, पालीचा सांगाडा, भिंतीची ओल, जे दिसेल ते मेन बंद असतानाच साफ करा. मग सगळी बटणं आणि सगळे एमसीबी बंद ठेवून मेन लावा, एमसीबी एकेक वर करा आणि शेवटी बटणं एकेक दाबा. ज्या बटणाला ट्रिप होईल ते सोडून बाकीचं घर चालू ठेवता येतं. बहुतेक वेळा दोषी निघतो तो मागीलदारचा किंवा न्हाणीघराचा दिवा, कारण ओल तिथेच जास्त मुरते. त्याला प्रश्न १० प्रमाणे वाळवा. एमसीबी दोरीने बांधून किंवा फ्यूजला जाड तार घालून सण काढायचा असा विचारही करू नका. लाकडी छपराच्या घरात ती थेट आगीला वाट आहे.

परत जाताना मेन बंद करा, बल्ब मात्र होल्डरमध्येच राहू द्या. रिकाम्या होल्डरमध्ये मुंग्या आणि माश्या घर करतात.

१७. वादळात किंवा पुरात भिजलेले दिवे वाळवून वापरता येतात का?

कशाने भिजले त्यावर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडून आत पाऊस आला, तसं पावसाचं पाणी असेल तर काचा, पत्रे, होल्डर पूर्ण वाळवून, वायरमनकडून तपासून वापरता येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आला तसा गाळाचा पूर असेल, किंवा समुद्राचं पाणी आत आलं असेल, तर काच आणि भरीव पितळ सोडून विजेचे सगळे भाग टाका. एलईडी ड्रायव्हर, चोक, होल्डर, स्विच यांच्या आत शिरलेला गाळ आणि मीठ वाळूनही तिथेच राहतं आणि पहिल्या दमट रात्री पुन्हा ओलं होतं.

बाहेरची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

१८. पावसाळ्यात दिव्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. किरकोळ आहे ना?

अजिबात नाही. मेन बंद करा, दुरुस्त होईपर्यंत तो दिवा वापरू नका. ओलीमुळे करंट पत्र्यावर उतरतोय, एवढंच नाही. तो जमिनीत जायला हवा होता आणि जात नाहीये. म्हणजे अर्थिंग तुटलंय किंवा मुळातच नाही. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरांना हा त्रास नेहमीचा, कारण कातळाचा विरोध जास्त असतो आणि अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल जात नाही. खड्डा मातीच्या जागी, परसात किंवा माडाच्या आळ्याजवळ घ्यावा.

त्याबरोबर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायचं काम आरसीसीबीचं. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो बदलायचा.

१९. बटण बंद केलं तरी एलईडी रात्रभर मिणमिणतो. भुताटकी नाही ना?

नाही, कारणं साधी आहेत. बटणात बारीक लाल दिवा असेल तर त्यातून जाणारा अगदी थोडा करंटही एलईडीला पुरतो. यात धोका नाही, बिनदिव्याचं बटण लावलं की थांबतं. तसा दिवा नसेल तर बटणातून न्यूट्रल तुटत असण्याची शक्यता मोठी, आणि ते प्रश्न ३ मध्ये सांगितल्याइतकं धोक्याचं आहे. वायरमनकडून फेज बटणात आणून घ्या. फक्त पावसाळ्यातच मिणमिणत असेल तर वायरच्या जोडात ओल आहे.

२०. आमचं घर वाळूला लागून आहे. बाहेरचा दिवा सुरक्षिततेसाठी रात्रभर ठेवतो, हरकत आहे का?

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं. घराचा दिवा समुद्रापेक्षा उजळ असेल तर ते उलट्या दिशेने गावाकडे येतं. त्या महिन्यांत समुद्राकडचा दिवा विझवा. हवाच असेल तर वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा, पिवळसर, हालचालीवर पेटणारा लावा. याने दिव्याचा खारा मारा थांबत नाही, तेव्हा महिन्याची पुसणी चालूच ठेवा.

२१. जुनी ट्यूब काढताना फुटली. नेहमीसारखं झाडूने गोळा केलं तर?

नको. जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो आणि झाडूने तो हवेत उडतो. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा, पंधरा मिनिटं खोली मोकळी ठेवा. मग हातमोजे किंवा जाड पिशवी हाताला घालून पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. मातीची जमीन असेल तर चुरा पडलेला वरचा थरही खरवडून त्याच बरणीत घाला. न फुटलेल्या जुन्या ट्यूबही परसात, विहिरीजवळ किंवा खाडीत टाकू नका. २०१६ च्या नियमांपासून त्या ई-कचऱ्यात मोडतात, तेव्हा नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत ई-कचरा गोळा करेल तेव्हा द्या आणि तोवर खोक्यात उभ्या ठेवा. एलईडीत पारा नसतो, पण त्यात सर्किट असतं, म्हणून तोही त्याच कचऱ्यात.